लाडू नको, चकली चालेल

दिवाळीत कुणाकडेही जा, फराळाची ताटली पुढे आली की एक संवाद हमखास कानावर येतो. "लाडू काढा हो यातला, मला शुगर आहे. चकली चालेल." लाडू आणि करंजी डब्यात परत जातात. त्यांच्या जागी शेव-चिवडा येतो, आणि वर आग्रह असतोच: "मग अजून दोन चकल्या तरी घ्या. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, तेच बघू.

चकलीच्या भाजणीत डाळी असतात, धने-जिरे असतात, पण बहुतेक घरांत सर्वांत मोठं माप तांदळाचं. तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक माळ. जिभेला ही माळ गोड म्हणून ओळखता येत नाही. पण चिमूटभर पोहे तोंडात घेऊन मिनिटभर चावत राहा. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर माळ तोडू लागतं आणि हलकी गोडी उतरते. उरलेली तोडफोड लहान आतड्यात होते आणि रक्तात पोचतं ते ग्लुकोजच. उलट साखरेचा रेणू अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोजची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावतं, ग्लुकोमीटरवर ते दिसतही नाही. (म्हणून ते सोवळं ठरत नाही. जास्त झालं की यकृत त्याची चरबी करतं.) शंभर ग्रॅम पोह्यांत साधारण 75 ग्रॅम कर्बोदकं असतात. लाडू निदान मोजून खाल्ला जातो, चिवड्याच्या मुठी कोण मोजतं?

गुळाच्या लाडवाची गोष्टही फार वेगळी नाही. गूळ म्हणजे बव्हंशी साखरच, थोडे क्षार आणि खमंग वास घेऊन आलेली. 'शुगर-फ्री' रव्याच्या लाडवातून साखर गेली तरी रवा कुठे गेला?

आता तेलातुपाकडे येऊ, कारण खरी फसगत तिथे आहे. स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. तळलेल्या फराळातलं ग्लुकोज त्यामुळे रक्तात हळूहळू, उशिरा आणि बराच वेळ येत राहतं. खाल्ल्यावर दोन तासांनी बोट टोचलं तर आकडा बरा दिसतो, माणूस खूश होऊन आणखी एक अनारसा उचलतो, आणि साखर वर चढते ती तीन-चार तासांनी. जेवणाआधी जलद इन्सुलिन टोचणाऱ्यांची अडचण याहून मोठी. इन्सुलिन आधी काम उरकून जातं आणि फराळ मागून येतो. आधी साखर पडते, मग चढते. अशा दिवशी दोन तासांच्या मोजणीवर थांबू नये, चौथ्या तासालाही एकदा बघावं. डोस कसा बदलायचा हे मात्र दिवाळीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं. "आज गोड होणार, एक गोळी जास्त घेतो" हा हिशेब घरच्या घरी करू नये.

त्यात आपला फराळ होतो पहाटे. उजाडायच्या सुमारास कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन यांच्या सांगण्यावरून यकृत स्वतःच रक्तात ग्लुकोज सोडत असतं, म्हणून अनेक मधुमेहींची साखर काही न खाताही सकाळी चढलेली असते. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं की त्याच वेळेला रिकाम्या पोटी चिवडा-चकली येते. कोकणात आणि गोव्यात तर पोह्यांचे चार-पाच प्रकार. परंपरा मोडायचं कारण नाही. क्रम बदलता येतो. आधी उसळ, दही किंवा मूठभर शेंगदाणे आणि काकडी, मग फराळ. प्रथिनं आणि भाज्या आधी खाल्ल्या तर तेच जेवण साखर कमी वाढवतं, हे न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये मधुमेहींवर दाखवलं आहे.

"मी कुठे जाडा आहे?" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. 2004 मध्ये दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला फोटोच छापला. आयसीएमआरच्या 2023 च्या अंदाजानुसार देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि त्यातले कितीतरी असेच दिसायला सडपातळ.

खाऊन झाल्यावर मात्र बसून राहू नये. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. न्यूझीलंडमधल्या 2016 च्या एका अभ्यासात दिवसातून एकदा सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालणं जास्त उपयोगी ठरलं. सोसायटीत फराळाची ताटं पोचवायचं काम घरातल्या मधुमेह्याकडे द्या. जिने चढायला लावा. दुसऱ्याच्या दारात खायला बसला तर माझा इलाज नाही.

राहिली उलटी बाजू. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत जेवण लांबलं, हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, तर साखर 70 च्या खाली गेलेली असू शकते. अशा वेळी घरचे हमखास लाडू पुढे करतात. लाडू नको! त्यातलं तूप साखरेला पोटातच अडवून ठेवतं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांच्या आतड्यात साधी साखर फुटायलाच उशीर लागतो, त्यांना ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. तिचा डबा फराळाच्या डब्यांमागे जाऊ देऊ नका.