चिमणीचे घरटे : सुतारांसाठी जोडधंदा

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जातो. मालेगावच्या सुतार बांधवांनी उरलेल्या फळ्यांतून घरटी करून पाहावीत, असे आम्ही सुचवतो. फळी अर्धा इंच जाड, तळ पाच इंच चौरस, उंची नऊ इंच.

खरी मेख भोकात आहे. ते तळापासून सहा इंचांवर, सव्वा इंचाचेच हवे. दोन इंचाचे केले की साळुंकी शिरते. शोभेची दांडी लावू नये. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र ती सोयीची पडते. तळाला बारीक छिद्रे ठेवावीत, आतून रंग देऊ नये. झाकण स्क्रूचे असावे, म्हणजे साफ करता येते.

आपल्याकडचा उन्हाळा कडक. तापलेल्या पत्र्याखाली पिले जगत नाहीत. घरटे सावलीत, आठ-दहा फुटांवर टांगा, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगावे.