क्रीम की आकाशी?

खोलीच्या रंगाचा प्रश्न बहुधा आवडीचा समजला जातो. वस्तुतः तो बराचसा हिशेबाचा आहे. बडोद्याच्या निजामपुऱ्यातील एक खोली उदाहरणादाखल घेऊ. तळमजला, उत्तरेला एकच खिडकी, समोर शेजाऱ्यांची भिंत. येथे माझी मावशी शिवणकाम करते आणि तिची दृष्टी आता मंदावली आहे. तिच्या मनात आकाशी रंग आहे. घरच्यांचा कौल क्रीमला. (क्रीमला ती 'सायीचा रंग' म्हणते, आणि तेच नाव योग्य आहे.)

शंभर भाग प्रकाश पडला असता भिंत किती भाग परत फेकते, याचा आकडा काही कंपन्या शेडकार्डवर देतात. फिकट क्रीमचा ७० व आकाशीचा ५० धरू. फरक वीसचा दिसतो. पण परतलेला प्रकाश दुसऱ्या भिंतीवर पडतो, तेथून तिसऱ्या. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. कान यांनी १९३१ साली मांडलेला आणि केन्सच्या १९३६ च्या ग्रंथाने प्रसिद्धीस आलेला गुणक असाच चालतो: एकाचा खर्च ते दुसऱ्याचे उत्पन्न. १०० अधिक ७० अधिक ४९ असे करीत बेरीज सुमारे ३३३ पर्यंत जाते. आकाशीची २०० वरच थांबते. अर्थात सर्व बाजू एकाच रंगाच्या धरल्या तर. फरशी, कपाटे आणि उघडी खिडकी यांतून प्रकाशाची गळती होतेच, जशी अर्थव्यवस्थेत बचत आणि आयात यांतून होते.

आकाशी रंग थंड वाटतो हे खरे, पण ते वाटणेच. आतल्या रंगाने बडोद्याचा मे महिना निवत नाही. त्यासाठी गच्चीला पांढरा चुना द्यावा. शिवाय उत्तरेचा उजेड मुख्यतः आकाशाचा, म्हणून निळसर. त्यात आकाशी भिंत उदास दिसते. बडोदे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने जूनमध्ये काही दिवस माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला झुकतो, पण तो जवळजवळ माथ्यावरच असतो. खोलीत ऊन काही येत नाही.

शेडकार्डच्या तुकड्यावर विसंबू नये. पूर्ण भिंतीवर तोच रंग अधिक गडद भासतो. दोन फुटी पट्टे दोन हात देऊन रंगवावेत आणि सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून पाहावेत. त्या उजेडात सुईत दोरा ओवता येतो का, ही मावशीची परीक्षा मला आकड्यांहून पक्की वाटते.

माझ्या मते भिंतींना क्रीम, छताला पांढरा आणि आकाशीची हौस कपाटाच्या दारावर. खिडकीसमोरची भिंत तर मुळीच गडद करू नये. बाहेरचा उजेड प्रथम तिच्यावरच येतो.