फॉक्सप्रो गेले, दप्तर गेले नाही

अमरावतीच्या पतसंस्थांत आणि अकोल्याच्या अडत दुकानांत ज्यांनी वहीतला हिशेब प्रथम संगणकावर चढविला, त्यांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे फॉक्सप्रो हे माहितीसाठ्याचे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने विकत घेऊन मारले आणि त्याबरोबर आपले जुने दप्तरही बुडाले, अशी जी समजूत वऱ्हाडात अद्याप ऐकू येते, तिच्या दोन्ही अंगांची रुजवात घालणे अगत्याचे आहे.

फॉक्सप्रोची जनक फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टकडे आली ती १९९२ साली. परंतु त्याचेच पुढचे रूप असलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीस निघाली, दहावी निघणार नाही हे २००७ साली जाहीर झाले आणि उत्पादकाचे साहाय्य थांबले ते जानेवारी २०१५ मध्ये. पूर्वज डीबेसची हकिगत तर याहून बोलकी आहे: त्याची मालक कंपनी अ‍ॅश्टन-टेट १९९१ साली बोरलँडने घेतली खरी, पण १९८८ ची डीबेस फोर सदोष निघाल्याने कंपनीची पत त्यापूर्वीच खालावली होती.

दप्तराविषयीचा गैरसमज मात्र अधिक घातक आहे, कारण त्यापायी लोक जुनी यंत्रे भंगारात देतात. डीबेस आणि फॉक्सप्रो ज्यात नोंदी ठेवीत, त्या डीबीएफ फाइलच्या आरंभी रकान्यांची नावे, प्रकार आणि रुंदी नोंदलेली असून पुढे नोंदी ओळीने मांडलेल्या असतात, म्हणून लिब्रेऑफिसमध्ये ती आजही उघडते. पुसलेली नोंददेखील ‘पॅक’ हा हुकूम सुटेपर्यंत केवळ तारांकित होऊन जागच्या जागी राहते. खातेदाराच्या नावाऐवजी निरर्थक चिन्हे दिसली, तर नोंद नासली असेही नव्हे: संगणकावर भारतीय लिपी उमटविणाऱ्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळातील मराठी इस्की संकेतात, तर पुढील पुष्कळशी विशिष्ट फॉन्टच्या संकेतात लिहिलेली असल्यामुळे, तो संकेत ओळखून युनिकोडमध्ये रूपांतर केले की अक्षरे परत येतात.

चौसष्ट-बिट विंडोजवर थेट चालत नाही तो डॉसचा जुना प्रोग्राम. त्यालाही डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सचा आश्रय मिळतो. खरी हानी होते ती व्याज, अडत, हमाली आकारण्याच्या ज्या रीती प्रोग्रामरने आत लिहिल्या आणि कागदावर कोणीच उतरविल्या नाहीत, त्यांची.

म्हणून ज्यांच्याकडे असे यंत्र अजून चालू आहे, त्यांनी आज प्रती काढाव्यात, आणि डीबीएफसोबत त्याच नावाची डीबीटी किंवा एफपीटी फाइल असल्यास तीही घ्यावी. मोठे शेरे तिच्यातच असतात.