पावती, पिशवी आणि कायदा

बियाण्याची रिकामी पिशवी ही शेतकऱ्याच्या घरात टाकाऊ वस्तू समजली जात नाही. तिच्यात मिरच्या ठेवतात, पावसात ती डोक्यावर घेतात, फाटली तर गोठ्याच्या कुडाला ठिगळ म्हणून लावतात. वस्तूचा असा पुरेपूर उपयोग करण्यास कोणी नावे ठेवू नयेत. तथापि पेरणीनंतरचा पहिला महिनाभर तरी त्या पिशवीला हात लावू नये, असे सांगण्याकरिता हा लेख लिहीत आहोत.

सन २०२० च्या खरिपात राज्याच्या अनेक भागांत सोयाबीन उगवले नाही. तक्रारी इतक्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्या प्रश्नाची दखल घेतली. त्या हंगामात एका गावी पाहणीस गेलो असता बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांत सारखीच स्थिती दिसली. तासात वीतभर अंतरावर एखादे रोप, बाकी जमीन उघडी. दोघांनी एकाच दुकानातून बियाणे आणले होते. पहिल्याने पावती, लेबलासह पिशवी आणि तळाशी उरलेले मूठभर दाणे आमच्यापुढे ठेवले. दुसऱ्याला विचारले, “नाना, पावती कुठे आहे?” तो म्हणाला, “साहेब, माल उधारीवर घेतला. उधारीला कसली पावती? दुकानदाराने चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, ती खिशातच भिजली.” पिशवी घरच्यांनी धुऊन वाळत घातली होती. नुकसान दोघांचे सारखेच होते. पंचनामाही दोघांचा झाला. परंतु पहिल्याच्या पंचनाम्यात वाण, उत्पादक, गट क्रमांक व विक्रेता यांच्या नोंदी होऊ शकल्या. दुसऱ्याच्या पंचनाम्यात ‘शेतकऱ्याच्या सांगण्यावरून’ एवढेच शब्द पडले.

नानांची समजूत सार्वत्रिक आहे, पण ती चुकीची आहे. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे प्रत्येक विक्रेत्याने ग्राहकास रोखीची अथवा उधारीची पावती दिलीच पाहिजे. उधारीचा उल्लेख आदेशातच आहे. पैसे दिवाळीनंतर देणार असाल तरी पावती आजच मिळावयास हवी. दुकानात शिल्लक साठा व दर यांचा फलक लावणे हेही त्याच आदेशान्वये विक्रेत्याचे कर्तव्य आहे. पावतीवर पिकाचे व वाणाचे नाव, उत्पादकाचे नाव, गट क्रमांक म्हणजे लॉट नंबर, वजन, किंमत व तारीख या गोष्टी आल्या आहेत काय, हे दुकानाच्या पायरीवरच पाहून घ्यावे. गावी आल्यावर चूक ध्यानात आली तर पुन्हा तालुक्याला खेप घालावी लागते, आणि पेरणीच्या घाईत ती कोणी घालीत नाही.

पिशवीला लावलेल्या खुणेच्या चिठ्ठीचा रंगही ओळखता आला पाहिजे. पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी, तर सत्यतादर्शक बियाण्यास फिकट हिरवी चिठ्ठी असते. पिशवी फोडताना चिठ्ठीच्या विरुद्ध बाजूने फोडावी, म्हणजे शिवण व चिठ्ठी शाबूत राहते. सोयाबीनची उगवणशक्ती निदान शंभरात सत्तर असावी असे प्रमाण ठरलेले आहे. गव्हाकरिता ते पंच्याऐंशी, तर ज्वारीकरिता पंच्याहत्तर आहे. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून, गुंडाळून, सावलीत ओलसर ठेवावेत. आठवड्याच्या आत किती उगवले ते मोजता येते. ही परीक्षा पेरणीपूर्वी केलेली बरी. कारण तक्रार आली की समिती केवळ बियाणे पाहत नाही. पेरणी किती खोल झाली, जमिनीत पुरेसा ओलावा होता काय, पुरेसा पाऊस होण्याआधीच घाई झाली काय, हेही ती तपासते. कित्येकदा दोष पिशवीत नसतो, तिफणीच्या फणात असतो. हे शेतकऱ्यास सांगणे जड जाते, पण कार्यकर्त्याने ते सांगितले पाहिजे.

आता कायदा भरपाई देतो काय, हा प्रश्न. मूळ बियाणे कायदा १९६६ सालचा. उगवण व शुद्धता यांची किमान मर्यादा त्याने घालून दिली, पण बुडालेल्या पिकाची भरपाई शेतकऱ्यास मिळवून देण्याची सोय त्यात केली नाही. पहिल्या अपराधास दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. आज एका पिशवीची किंमतही त्याहून अधिक असते. नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांकरिता प्रसिद्ध केला, त्यात गंभीर अपराधांकरिता दंडाची रक्कम लाखांच्या घरात नेलेली आहे. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, हा भेद मात्र गावात बोलताना कार्यकर्त्यांनी स्पष्ट करावा.

भरपाईची वाट निराळीकडून जाते, ती म्हणजे ग्राहक कायद्याची. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ‘ग्राहक’ आहे काय, यावर बरीच वर्षे वाद घातला जाई. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो मिटविला. शेतकरी ग्राहक आहे, आणि बियाणे कायदा अस्तित्वात असल्यामुळे ग्राहक न्यायालयाचे दार त्याला बंद होत नाही, असा निर्णय झाला. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, सबब तक्रार फेटाळावी, असे त्या प्रकरणी कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. शेतकरी बियाणे पेरण्यासाठी घेतो. पुढे खटला होईल म्हणून त्यातले काही राखून ठेवील, अशी अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही. इतका साधा विचार न्यायनिवाड्यात वाचावयास मिळाला की समाधान वाटते. असे असले तरी मूठभर दाणे पिशवीत राहू द्यावेत. त्याने वाद लवकर मिटतो.

नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यातील सोयी शेतकऱ्यास उपयोगी आहेत. शेतकरी जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार देता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मालासाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मात्र आयोगापुढे उपयोगी पडणारा पंचनामा दोन वर्षांनी होत नाही. तो रान उघडे दिसत असतानाच व्हावा लागतो. म्हणून उगवण झाली नाही असे दिसताच तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि तक्रार निवारण समिती येऊन जाईपर्यंत निदान एक पट्टा न मोडता ठेवावा. दुबार पेरणीची घाई आम्हांस समजते. सारे रान अडवून ठेवा असे कोणीच म्हणणार नाही.

जे बियाणे पावतीवाचून, रात्रीच्या वेळी, दुप्पट भावाने विकले जाते त्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या लागवडीस शासनाची मान्यता नसताना ती विदर्भात अनेक वर्षे छुप्या मार्गाने विकली जात आली आहे. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात ती उघडपणे पेरून आंदोलनही झाले. त्या वाणाच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. परंतु ते उगवले नाही तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? विकणाऱ्याचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते.

खतांसंबंधी एकच गोष्ट सांगू. ‘टॉनिक’ या नावाने बाटल्या विकल्या जातात, त्यांना १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २०२१ साली ‘जैव उत्तेजके’ या नावाने प्रथमच स्थान मिळाले. त्यांच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. जी उत्पादने आदेशाच्या यादीत आली नाहीत, ती यापुढे विकता येत नाहीत. युरियाच्या गोणीबरोबर अशी बाटली घेतलीच पाहिजे असा आग्रह कोठे झाला, तर पावती मागून तालुक्याच्या खत निरीक्षकास कळवावे. तशी सक्ती नियमाला धरून नाही.

कीटकनाशकांचा विषय मात्र पैशाचा नव्हे, जिवाचा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्यानंतरच्या काळात केंद्र शासनाने अठरा कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यांपैकी बारांवर २०१८ मध्ये लगेच, आणि फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस आदी सहांवर २०२० च्या अखेरीपासून. २०२३ च्या आदेशाने डायकोफॉल, डिनोकॅप व मेथोमिल बंद झाले. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के याचाही त्याच आदेशात समावेश असून शिल्लक साठा संपविण्यास एक वर्ष दिले होते. अनेक घरांच्या माळ्यावर जुन्या बाटल्या अजून असतील. मजुराला फवारणीस लावताना बाटलीवरचा त्रिकोण त्याला दाखवावा: लाल अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो.

नानांकडे पुढच्या वर्षी पेरणीनंतर जाण्याचा योग आला. ओसरीवर आढ्याच्या खुंटीला एक पिशवी टांगलेली होती. तळ फोडलेला, वरची चिठ्ठी तशीच, आत घडी केलेली पावती. “या खेपेला उगवण चांगली आहे,” ते म्हणाले, “पण पिशवी काढली नाही. दिवाळीपर्यंत राहू दे.”