कटओव्हरची रात्र

मोठ्या कंपन्या आपलं जीव की प्राण असलेलं सॉफ्टवेअर क्लाउडवर नेतात, तेव्हा नेमकं काय घडतं?

चाकणच्या कारखान्यातून सुट्या भागांचा ट्रक चेन्नईकडे निघायचा, तर गेटवर आधी कागद तपासले जातात. राज्याबाहेर जाणारा माल 50 हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिल लागतं. कंपनीची वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसही लागतं आणि त्यावर सरकारी पोर्टलने दिलेला क्रमांक व क्यूआर कोड असावा लागतो. मोठ्या कंपनीत हे सगळं ईआरपी नावाच्या सॉफ्टवेअरमधून निघतं. कच्च्या मालाची खरेदी, गोदामातला साठा, कामगारांचे पगार, बँकेतले हप्ते, सगळा हिशेब त्यातच असतो. ते बंद पडलं की बिल निघत नाही आणि बिल नसेल तर भरलेला ट्रक गेटवरच उभा राहतो.

म्हणूनच ‘आम्ही ईआरपी क्लाउडवर नेतोय’ असं कंपनीने ठरवलं, की तो विषय आयटी खात्यापुरता राहत नाही. वर्ष-दोन वर्षं तयारी चालते आणि प्रत्यक्ष बदल, म्हणजे कटओव्हर, एखाद्या शनिवार-रविवारी उरकला जातो. या कामातला मोठा वाटा पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतली मंडळी उचलतात. त्यामुळे ‘या वीकेंडला गो-लाइव्ह आहे’ हे वाक्य अनेक मराठी घरांत ओळखीचं झालं आहे.

आत्ताच का?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली, वापराप्रमाणे भाडं भरून घेतलेली यंत्रं. ती फार लांब असतात असंही नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी केंद्रं उघडली. अमेझॉन 2016 मध्ये आणि गुगल 2017 मध्ये मुंबईत आलं.

भाड्याने जाण्याचं एक कारण जुनं आहे. स्वतःचे सर्व्हर काही वर्षांनी थकतात आणि नवे घ्यायचे तर एकरकमी पैसा लागतो. दुसरं कारण ताजं आहे. जगभरच्या असंख्य मोठ्या कंपन्या सॅप या जर्मन कंपनीचं सॉफ्टवेअर वापरतात. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी 1972 मध्ये ती सुरू केली. तिच्या जुन्या ईआरपीची नियमित देखभाल 2027 अखेर थांबणार आहे. जास्त पैसे मोजणाऱ्यांना 2030 पर्यंत मुदत आहे. नव्या आवृत्तीवर जायचंच आहे, तर त्याच झटक्यात क्लाउडवरही जाऊ, असा विचार संचालक मंडळं करत आहेत.

‘झेड’चं गाठोडं

तयारीला बसलं की पहिला प्रश्न येतो: आपल्याकडे आहे तरी काय? सॅपमध्ये कंपनीने स्वतः लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमची नावं झेड किंवा वाय या अक्षरांनी सुरू होतात. दहा-वीस वर्षांत अशा ‘झेड प्रोग्रॅम’ची संख्या हजारोंच्या घरात जाते. एखादा प्रोग्रॅम एकाच बड्या ग्राहकाच्या सवलतीसाठी लिहिलेला असतो, तर एखादा जकातीच्या हिशेबासाठी. मुंबईची जकात जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर संपली. तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मात्र कुठेतरी चालूच असू शकतो. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो आणि काढून टाकला तर काय मोडेल, हे छातीठोकपणे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

इथे खरा निर्णय घ्यावा लागतो. आहे ते जसंच्या तसं उचलून क्लाउडवर ठेवायचं, की साफसफाई करून नव्याने मांडायचं? पहिला मार्ग लवकर संपतो, पण जुनी अडगळ महिन्याच्या भाड्यावर नव्या जागी जाते. दुसऱ्यात वेळ जातो आणि खातेप्रमुखांच्या सवयींना हात घालावा लागतो. सवय सोडायची नाही असं ठरवलं तर काय होतं, ते जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने पाहिलं. लिडल मालाचा साठा खरेदीच्या किमतीने मोजायची आणि सॅपची किरकोळ विक्रीची प्रणाली विक्रीच्या किमतीने. लिडलने आपली पद्धत बदलली नाही, सॉफ्टवेअर बदलून घेतलं. 2011 मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प सुमारे 50 कोटी युरो खर्चून 2018 मध्ये गुंडाळला गेला, असं तिथल्या वृत्तपत्रांनी छापलं. क्लाउडचा तिथे संबंधही नव्हता.

मिलिसेकंदांचं गणित

दुसरी अडचण अंतराची. प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच इमारतीत असतील तर एका प्रश्नाचं उत्तर यायला अर्धा मिलिसेकंद लागतो असं धरू. महिनाअखेरीचा एखादा बॅच जॉब, म्हणजे एकगठ्ठा चालणारं काम, डेटाबेसला एकामागून एक 10 लाख प्रश्न विचारतो. एकूण वेळ 500 सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आत काम फत्ते. आता डेटाबेस क्लाउडवर गेला, प्रोग्रॅम कारखान्यातच राहिला आणि प्रत्येक उत्तराला 5 मिलिसेकंद लागू लागले. तेच काम 5 हजार सेकंद घेतं, म्हणजे जवळपास एक तास तेवीस मिनिटं. प्रोग्रॅममधली एकही ओळ बदललेली नसते, तरी अकाउंट्स खात्यातून फोन सुरू होतात. म्हणून कुठली सॉफ्टवेअर एकमेकांशी सतत बोलतात याचा नकाशा आधी काढतात आणि त्यांना एकत्रच हलवतात.

डेटा नेणंही असंच वेळखाऊ. सेकंदाला 1 गिगाबिट क्षमतेची लाइन पूर्ण वेगाने चालली, तरी 10 टेराबाइट जायला 22 तासांहून अधिक लागतात. त्यामुळे बहुतेक डेटा आधीच नव्या जागी उतरवून दोन्हीकडच्या नोंदी जुळत्या ठेवतात. कटओव्हरच्या रात्री फक्त शेवटचा फरक पाठवायचा असतो.

रविवारी दुपारचा निर्णय

कटओव्हरची एक रनशीट असते. तिच्यात शेकडो कामं ओळीने मांडलेली असतात: अमुक वाजता जुनी प्रणाली वापरकर्त्यांसाठी बंद, तमुक वाजता शेवटची नोंद तपासायची, मग खातेवहीची बेरीज दोन्हीकडे जुळवायची. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि ठरलेली मिनिटं असतात. रंगीत तालीम दोन-तीनदा झालेली असते. रविवारी दुपारच्या सुमारास ‘गो की नो-गो’ ठरतं. त्या घडीपर्यंत जुन्या प्रणालीवर परत जाता येतं. नव्या प्रणालीत खरे व्यवहार सुरू झाले, की परतीची वाट फार अवघड होते.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं प्रकरण यासाठी मुळातून पाहावं. स्पेनच्या सबाडेल बँकेने ती 2015 मध्ये घेतली, तेव्हा तिचे 50 लाखांवर ग्राहक जुन्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या प्रणालीवर होते. एप्रिल 2018 मधल्या एका वीकेंडला सगळे एकदम नव्या प्रणालीवर नेले गेले. डेटा नीट पोचला, पण प्रणाली कोलमडली. ग्राहकांना आपली खाती पाहता येईनात, काहींना तर दुसऱ्यांची खाती दिसली. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांना सप्टेंबरमध्येच पद सोडावं लागलं आणि 2022 मध्ये नियामकांनी 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड ठोठावला.

नेटफ्लिक्सचा रस्ता याच्या उलट होता. ऑगस्ट 2008 मध्ये तिच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधला डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. मग क्लाउडवर जायचं ठरलं. कंपनीने घाई केली नाही. एकेक भाग नव्याने लिहीत काम चाललं आणि ग्राहकांच्या बिलांची यंत्रणा अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवली. जानेवारी 2016 मध्ये स्थलांतर संपलं. सात वर्षं लागली. पैशाचं काम शेवटी ठेवण्यातलं शहाणपण टीएसबीची कथा वाचल्यावर पटतं.

प्रत्येकाला सात वर्षं मिळत नाहीत. बँकेचा गाभा अर्धा इकडे, अर्धा तिकडे ठेवणं अवघड असतं. एचडीएफसी बँकेने 13 जुलै 2024 रोजी, दुसऱ्या शनिवारी, आपली कोअर बँकिंग प्रणाली नव्या मंचावर नेली. पहाटे 3 ते दुपारी 4:30 हा वेळ ग्राहकांना आधीच कळवला होता. बँकांना सुट्टीचा दिवस निवडणं आणि गैरसोय आधी सांगणं, हाही रनशीटचाच भाग असतो.

भाडं आणि उत्तरदायित्व

क्लाउड स्वस्त पडतोच असं नाही. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं 2022 चं क्लाउडचं बिल सुमारे 32 लाख डॉलर झालं. त्यानंतर तिने सर्व्हर विकत घेऊन आपला बराच कारभार परत नेला. ज्यांच्या कामाचा भार वर्षभर सारखा असतो, त्यांनी हे गणित स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावं. सणासुदीला भार दसपट होणाऱ्यांचं गणित वेगळं येईल.

सुरक्षिततेचंही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे 6 लाखांवर सभासद आहेत. त्याची प्रणाली गुगलच्या क्लाउडवर होती. गुगलकडून ती उभारताना एक रकाना कोरा राहिला होता, त्यामुळे तिला आपोआप एका वर्षाची मुदत लागली. मे 2024 मध्ये ती मुदत भरली आणि प्रणाली पुसली गेली. सभासदांना आठवडाभर खाती पाहता आली नाहीत. फंडाने दुसऱ्या कंपनीकडेही वेगळा बॅकअप ठेवला होता, तो परत उभं राहताना कामी आला.

रिझर्व्ह बँकेने आयटी कामं बाहेर देण्याबाबत काढलेले निर्देश 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाले. काम बाहेर दिलं तरी अंतिम जबाबदारी संचालक मंडळाची आणि वरिष्ठ व्यवस्थापनाचीच, असं त्यात स्पष्ट आहे. हा नियम बँका आणि वित्तसंस्थांसाठी आहे, पण त्यातलं तत्त्व कारखान्यांनाही तितकंच लागू पडतं. क्लाउडचा करार करण्याआधी संचालकांनी आपल्या आयटी प्रमुखाला तीन प्रश्न विचारावेत: आपले झेड प्रोग्रॅम किती आणि त्यांतले वापरात किती? परत फिरायची शेवटची वेळ कोणती? वेगळा बॅकअप कुणाकडे आहे आणि तो शेवटचा उघडून कधी पाहिला? तिन्हींची लेखी उत्तरं मिळेपर्यंत तारीख जाहीर करू नये.