मांडी म्हणजे सीट नव्हे

परवा एका आजींनी विचारले, ‘‘डॉक्टर, इंग्लंडला मुलाकडे दोनच सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार आहे. दहा महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसले तर चालेल ना?’’

मुळीच नाही. ताशी ५० कि.मी. वेगातील धडकेत बाळ कुणाच्याच हातात टिकत नाही. तान्ह्याचे डोके जड, मान नाजूक. म्हणून त्याची सीट मागे तोंड करूनच बांधावी. मात्र समोर चालू एअरबॅग असल्यास ती सीट तेथे मुळीच लावू नये, जिवावर बेतते.

गाडीला पट्टेच नसतील तर? तिथल्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलाला अशा गाडीतून नेताच येत नाही. मोठ्यालाही मागेच बसवावे लागते. इथे मागची सीटच नाही! नातवासाठी दुसरी गाडी काढायला सांगा.