घरचे सूर, परक्यांची दाद

जुने आणि नवे यांचे संगीतात वैर असते, ही समजूत मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच खोटी ठरविली. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी तोडी, मालकंस आदी दहा राग सिंथेसायझरवर वाजवून त्यांना डिस्कोच्या यांत्रिक ठेक्याची जोड दिली. रोलंड कंपनीच्या ज्या टीबी-३०३ यंत्रावर पुढे १९८७ च्या सुमारास शिकागोत ‘अॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत घडले, तेच यंत्र त्यांनी पाच वर्षे आधी रागदारीसाठी राबविले होते. आपल्याकडे मात्र या प्रयोगाची उपेक्षाच झाली. २०१० मध्ये परदेशी प्रकाशकाने ती ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली, तेव्हा कोठे कौतुकाला भरती आली. २०१५ साली सिंग निवर्तले. घरच्या गुणांची पारख परक्यांवर सोपविण्याची ही सवय आपण केव्हा टाकणार?